लत्तलूरपुराधीश्वरांच्या मुलखातून

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं आणि रणजितसिंग लाहोरच्या गादीवर. मधला मुलूख इंग्रजांचा आणि संस्थानिकांचा. इतक्या दूर, परक्या राज्यात, त्यांनी पैसा पाठवला आणि कारागीर पाठवले. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथं देह ठेवला ती जागा राखणं त्यांना आपलं काम वाटलं. पंजाबातून निजामाच्या चाकरीला आलेल्या फौजेतली कित्येक घरं पुढे इकडेच राहिली. गुरुद्वाऱ्याबाहेरच्या कड्यांच्या दुकानातले सरदारजी समोरच्या रिक्षावाल्याशी अस्सल नांदेडी मराठीत हुज्जत घालत होते, आणि त्याच दमात कॅनडाहून आलेल्या कुटुंबाला पंजाबीत भाव सांगत होते. एखादं राज्य वर येतं आणि त्याचा हात सरहद्दीबाहेर जातो तेव्हा काय होतं, हे पाहायला मी मराठवाड्यात आले होते. नांदेडात त्याचं एक देखणं रूप पाहायला मिळालं.

हा विषय निघाला की आज सगळे चीनबद्दल बोलतात. श्रीलंकेनं २०१७ साली हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चिनी कंपनीच्या हाती दिलं, तेव्हापासून तर ते नाव आपल्या वर्तमानपत्रांना पाठच झालं आहे. पण लंकेच्या राजानं उत्तरेकडच्या एका बलाढ्य सत्तेपुढे नमतं घ्यावं, ही गोष्ट बाराशे वर्षांपूर्वीही घडली होती, आणि ती सत्ता आपलं मूळ गाव म्हणून ज्या नगराचं नाव मिरवत होती ते नगर म्हणजे आपलं लातूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूरपुराधीश्वर’ म्हणवत. अमोघवर्षाच्या इसवी सन ८६६ च्या लेखांत हे बिरुद आहे. लत्तलूर म्हणजे कुठलं गाव, यावर पंडितांत बराच वाद झाला. अनंत सदाशिव अळतेकरांनी १९३४ साली राष्ट्रकूटांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी लातूरच्या बाजूनं कौल दिला, आणि तो आता बहुतेकांना मान्य आहे. पुढे सौंदत्तीच्या रट्ट घराण्यानंही हेच बिरुद चालवलं. राज्य गेलं, राजधानी गेली, पण ‘आम्ही लत्तलूरचे’ हे सांगणं शतकानुशतकं चालू राहिलं.

नांदेडहून लोह्याकडे निघालं की जमीन हळूहळू चढू लागते. संक्रांत होऊन गेली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी हुरड्यावर आलेली, हरभरा घाट्यांनी भरलेला, आणि मधेमधे तूर काढून झालेल्या रानांत तुराट्यांचे भारे रचलेले. लोह्याला कंधारचा फाटा फुटतो. मन्याड नदीकाठचं कंधार आज तालुक्याचं ठिकाण आहे. एसटी स्टँड, खताची दुकानं, शाळा सुटल्यावर सायकलींची झुंबड. दहाव्या शतकात, राष्ट्रकूटांचा कृष्ण तिसरा राज्य करत असताना, हे साम्राज्यातलं एक मोठं नगर होतं. इथं सापडलेल्या शिलालेखात देवळांची नावं येतात, अन्नसत्रं येतात आणि जगत्तुंग समुद्र येतो. हा जगत्तुंग समुद्र म्हणजे गावाजवळचा तलाव. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचं बिरुद, आणि तलाव आजही त्याच नावानं ओळखला जातो. काठावर बायका धुणं धूत होत्या. त्यांतल्या एकीला नाव विचारलं तर तिनं अगदी सहज सांगितलं, "जगतुंग. दुसरं काय म्हणावं?"

किल्ला भुईकोट आहे, भोवती पाण्याचा खंदक. तो कृष्ण तिसऱ्यानं बांधला असं सांगतात, पण आज दिसतं ते बहुतेक बांधकाम पुढच्या मुसलमानी राजवटींचं. अहमदनगरची निजामशाही बुडता बुडता, १६३१ साली, मुघलांनी हा किल्ला घेतला. या निजामशाहीला अखेरच्या काळात ज्यानं सावरून धरलं तो मलिक अंबर हबशी होता, समुद्रापलीकडून गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत आलेला. दख्खनचा समुद्राशी असलेला संबंध असा दोन्ही बाजूंनी वाहत होता. किल्ल्यात मी फार रेंगाळले नाही. माझं मन होतं क्षेत्रपालाकडे.

कंधारजवळच्या मानसपुरीच्या परिसरात एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. अखंड उभी असताना ती पन्नास फुटांच्या आसपास असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शिलालेखातला क्षेत्रपाल तो हाच असं मानलं जातं. मी त्या दगडी पावलापाशी बसले आणि अंगठ्याच्या नखावर हात टेकला. माझा पंजा त्या नखावर जवळजवळ पुरता मावला. नखाची कड कारागिरानं गोलसर घासून काढली आहे, आणि बोटाच्या पेराची घडीसुद्धा सोडलेली नाही. पन्नास फुटांवरून खाली पाहणाऱ्या देवाच्या पायाच्या बोटाची घडी कोण पाहणार होतं? तरी ती कोरली. ज्या राज्याकडे असे कारागीर होते आणि त्यांना पोसायला एवढा पैसा होता, त्या राज्याचा दरारा काय असेल, हे तिथं बसल्यावर उमगलं.

तांबड्या गाईला दाव्यानं धरून एक आजोबा येऊन उभे राहिले. गाय लाल कंधारी, या भागाची शान. काळ्याभोर डोळ्यांची, नितळ गडद तांबड्या अंगाची. "काय बघायलाव माय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, क्षेत्रपाल बघायलेय. ते म्हणाले, "लई मोठा होता म्हणतेत. पडला कामून, ते कुणी सांगत नाही."

पडला कसा, याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, पण ज्या राज्याचा तो राखणदार होता ते राज्य कसं पडलं ते ताम्रपटांवरून आणि काव्यांवरून बरंच कळतं. ध्रुव राजा विंध्य ओलांडून गंगा-यमुनेच्या दुआबात गेला, आणि त्या दोन नद्या राष्ट्रकूटांच्या राजचिन्हांत आल्या. त्याचा मुलगा गोविंद तिसरा. त्याच्या ताम्रपटात वेंगीच्या राजाची हकीकत आहे. वेंगी म्हणजे गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडचा आंध्र, शेजारचंच राज्य. गोविंदानं जासूदाहाती अर्धा शब्द पाठवला आणि वेंगीचा राजा धावत येऊन त्याच्या छावणीभोवती भिंत घालायच्या कामाला लागला, असं कवीनं मोठ्या अभिमानानं लिहिलं आहे. लंकेच्या राजानं गोविंदाकडे दोन पुतळे पाठवले, एक स्वतःचा आणि एक आपल्या प्रधानाचा. ते कीर्तिस्तंभासारखे शिवमंदिरात उभे केले गेले. लढाई न करता पत्करलेली शरणागती ती हीच. कृष्ण तिसऱ्यानं ९४९ साली तक्कोलमच्या लढाईत चोळांना चिरडलं. चोळ युवराज राजादित्य हत्तीवरच मारला गेला. कऱ्हाडला सापडलेला ९५९ सालचा ताम्रपट सांगतो की कृष्णानं पांड्य, केरळ आणि सिंहल यांच्याकडून खंडणी घेतली, रामेश्वराला विजयस्तंभ उभारला, आणि दक्षिणेतले प्रदेश आपल्या सेवकांना वाटून दिले.

हे वाचताना मराठी माणसाची छाती फुगते, माझीही फुगली. पण छावणीची भिंत घालणाऱ्या त्या वेंगीच्या राजाला मी विसरू शकत नाही. वेंगीवाले तर मुळीच विसरले नाहीत. त्याच घराण्यातल्या गुणग विजयादित्यानं पुढे राष्ट्रकूट मुलखात घुसून किरणपूर आणि अचलपूर जाळलं. आणि ९७२ साली, कृष्णाचं निधन होऊन फार वर्षं उलटली नसताना, माळव्याच्या परमार सीयकानं थेट राजधानी मान्यखेट लुटली. धारेच्या धनपाल कवीनं आपल्या धाकट्या बहिणीसाठी प्राकृत शब्दकोश रचला, त्याच्या अखेरीस ग्रंथाचं वर्ष सांगताना त्यानं खूण दिली ती या लुटीची. शेजाऱ्याच्या राजधानीची राख ही त्याच्यासाठी साल मोजायची खूण होती! पुढच्याच वर्षी कल्याणीच्या चालुक्यांचा मूळपुरुष तैलप यानं राष्ट्रकूटांचं राज्य संपवलं. तो राष्ट्रकूटांचाच मांडलिक होता.

हे मी त्या आजोबांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे ज्यांना वाकिवलं तेच आले की अंगावर." पुढे मला त्यांच्या घरी चहाला नेलं. तिथं सूनबाईंनी चहाच्या आधी हुरडा पुढे ठेवला, शेंगदाण्याची चटणी आणि दही यांच्यासह. तो दाणा जिभेवर नुसता विरघळत होता.

राष्ट्रकूटांचा दुसरा हातही सरहद्दीबाहेर गेला होता, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. अरब प्रवासी त्यांना ‘बल्हरा’ म्हणत, म्हणजे वल्लभराज. इसवी सन ८५१ च्या सुमाराची सुलेमान व्यापाऱ्याच्या नावावरची हकीकत जगातल्या चार थोर राजांत खलिफा, चीनचा बादशहा आणि रूमचा सम्राट यांच्या जोडीला बल्हराला बसवते. त्याच्याइतकं अरबांवर प्रेम करणारा राजा नाही, असंही ती सांगते. अल मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी कोकणातल्या चौलला आला तेव्हा तिथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते. कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक मुखिया राजानं नेमला होता.

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६ सालचा ताम्रपट माझ्या फार आवडीचा आहे. कृष्ण दुसऱ्यानं संजाणच्या मुलखावर अधिकारी नेमला तो एक ताजिक, म्हणजे अरब. ताम्रपटात त्याचं नाव येतं मधुमती. मुहम्मद याचंच ते संस्कृत रूप. या मधुमतीनं आसपासची बंदरं राजासाठी जिंकली आणि तिथं आपली माणसं बसवली. साम्राज्याचा समुद्राकडचा हात तो हाच. पण ताम्रपट तेवढ्यावर थांबत नाही. मधुमतीनं दोन प्रवाहांवर फुकट तर सुरू केली, आणि अन्नसत्र घातलं, तिथं साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. देवी भगवतीच्या मठाला त्यानं गाव आणि जमीन मिळवून दिली. परक्या मुलखातून आलेला, परक्या धर्माचा माणूस या किनाऱ्यावर उतारूंना पैलतीरी पोचवतो आणि भातावर तूप वाढायची सोय करतो. रामेश्वरच्या विजयस्तंभापेक्षा मला ही तर मोठी वाटते, आणि राष्ट्रकूटांचं खरं मोठेपण इथं आहे असं मी मानते. दरारा असतानाही विश्वास टाकायला धैर्य लागतं, ते त्यांच्याकडे होतं. वेंगीशीही ते असं वागले असते तर?

कंधारहून परत लोहा, मग माळेगाव. खंडोबाची यात्रा होऊन गेली होती. मैदानात खुंट्यांच्या खुणा आणि चिपाडं तेवढी उरली होती. पुढे अहमदपूर, चाकूर, आणि लातूर.

लातुरात लत्तलूर शोधायचं तर सिद्धेश्वर-रत्नेश्वराला जावं, पापविनाश मंदिरातला बाराव्या शतकातला चालुक्यांचा शिलालेख पाहावा. मी दोन्ही ठिकाणी जाऊन आले. पण आजच्या लातूरचा जीव आहे गंजगोलाईत आणि बाजार समितीत. गोलाईची ती गोल इमारत १९१७ सालची, मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती सोळा रस्ते फुटलेले. बाजार समितीत सकाळी दहाच्या पुढे पाय ठेवायला जागा नसते. सोयाबीन, हरभरा आणि तुरीचे ढीग, हमालांची ये-जा, मापाड्याचा सुरात चाललेला आकडा.

एका आडत दुकानात ओळखीनं बसायला मिळालं. शेठजींनी पत्र्याच्या वाट्यांत नमुने काढून ठेवले होते. त्यांनी ते एकेक करून माझ्या तळहातावर ओतले. "ही आपली पांढरी, सातशे अकरा. बदनापूरच्या केंद्राची." दाणा टपोरा, दुधी रंगाचा. "ही लाल." मग तिसरी वाटी. "ही लेमन." फिकट पिवळसर, जरा बारीक. ब्रह्मदेशची, म्हणजे म्यानमारची. चौथी तांबूस, गाजराच्या छटेची. "गजरी. मोझांबिकची. आणि ही अरुषा, टांझानियाची." नखानं दाणा फोडून त्यांनी आतली डाळ दाखवली. साल निघाल्यावर पाचही डाळी पिवळ्याच. लातूरच्या एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये त्या भरडून निघाल्या की कुठली कुठून आली, ते जेवणाऱ्याला कळत नाही.

इथं मला उगवत्या देशाचा आजचा हात दिसला, आणि तो देश आपला आहे. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. शहरांत ओरड झाली. २०१६ च्या जुलैत पंतप्रधान मोझांबिकला गेले आणि करार झाला: पहिल्या वर्षी एक लाख टन, पुढे वाढवत दोन लाख टनांपर्यंत तूर भारत घेईल. तिकडच्या माणसाच्या रोजच्या जेवणात तूर फारशी नसते. शेतकरी ती पेरतात ती मुख्यतः आपल्यासाठी. म्यानमारच्या तूर-उडदाचंही तसंच. २०२१ च्या करारात त्यांची एक लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद दरसाल घेण्याचं आपण मान्य केलं. मलावीकडून पन्नास हजार टन तूर. एखादा देश आपल्या पोटासाठी दुसऱ्या खंडातलं पीक ठरवू लागतो, तेव्हा तो मोठा झालेला असतो, मग त्यानं कुठं फौज पाठवली नसली तरी.

२०१६-१७ ला मराठवाड्यात पाऊस चांगला झाला. त्याआधीच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या तहानलेल्या माणसांनी तूर पेरली आणि ती भरभरून आली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल होता, बाजारात भाव त्याच्या खाली. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, माणसं पोत्यांवर झोपली. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं खासगी आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. सरकारी करारातला माल तिच्यातून वगळला होता. तरीही मोझांबिकमध्ये भाव कोसळला. भारतातला भाव चढलेला पाहून तिथल्या हजारो छोट्या शेतकऱ्यांनी कराराच्या आकड्यापलीकडे जाऊन तूर लावली होती, आणि झांबेझिया प्रांतात ती मातीमोल झाली. मग २०२१ च्या मे महिन्यात इकडे डाळ महागण्याची चिन्हं दिसली आणि आयात पुन्हा खुली झाली.

दुकानात एक शेतकरी बसले होते, औसा तालुक्यातले. सकाळीच तूर उतरवून सौद्याची वाट पाहत होते. मी शेठजींशी बोलत होते ते त्यांनी ऐकलं. त्यांचा राग मला समजत होता: घरची तूर बाजारात आली की बाहेरून जहाज आलंच म्हणून समजा, भाव पडलाच. ते बोलत होते आणि मी नुसती ऐकत होते, कारण त्यांचं एकही वाक्य खोडून काढण्याजोगं नव्हतं. त्यांच्यासाठी सरकारनं काय करायला हवं, तेही त्यांनी नीट सांगितलं. आयात कधी उघडायची आणि कधी बंद करायची ते पेरणीच्या आधी जाहीर करा. मृगात आम्ही काय पेरायचं ते ठरवतो. तुम्ही दिवाळीनंतर ठरवता. मला यात काहीही अवाजवी दिसत नाही. आणि हीच मागणी झांबेझियातला शेतकरीही करेल. त्यालाही पेरणीआधीच कळायला हवं. इथल्या शेतकऱ्याला वाचवण्यासाठी तिथल्याला बुडवावं लागतं, हे मी मान्य करत नाही. दोघांनाही बुडवतो तो आपला आयत्या वेळचा निर्णय. दिल्लीनं चार-पाच वर्षांचं आयातीचं धोरण आधी सांगितलं, शब्द पाळला, आणि करारात परदेशी शेतकऱ्याच्या किमान भावाची हमी घातली, तर ती आजच्या काळातली मधुमतीची तर होईल.

मी त्यांना मोझांबिकचं सांगितलं. तिथं दीड-दोन एकरांचे शेतकरी आहेत, तूर डोक्यावरून वाहून व्यापाऱ्याकडे नेतात, आणि २०१७ ला भाव इतका पडला की नेणंही परवडेना. ते ऐकत राहिले. मग त्यांनी वाटीतली गजरी उचलली, दाणा दाताखाली फोडून पाहिला. "माल वाईट नाही," म्हणाले. "तिकडं हमीभाव असतो का?" मी म्हटलं, आपल्यासारखी सरकारी खरेदीची रांग तिथं नाही. ते म्हणाले, "रांग तरी कुठं धड आहे." तेवढ्यात मापाड्यानं त्यांच्या ढिगापुढे उभं राहून हाक दिली. ते उठले, टोपी नीट केली, आणि जाता जाता वळून मला म्हणाले, "ताई, आमचं लिहायलाव तर त्या लोकांचं बी लिहा. त्यांचं पोतं बी इथंच उतरायलंय."